वापरायचं पाणी

साबणावरचं करडईचं फूल अजून जसंच्या तसं होतं.

सुकन्या न्हाणीच्या खिडकीपाशी डबा हातात घेऊन उभी राहिली. पत्र्याचा गोल डबा, आत पांढरा साबण, आणि साबणावर तिनेच साच्याने उठवलेलं फूल. पाकळ्यांच्या कडा बोटाला लागत होत्या. रोज ओला ब्रश फिरला असता तर आठवडाभरात त्या फुलाचा नुसता डाग उरला असता. आणि सासरे तर महिनाभर सांगत होते, "तुझा साबण म्हणजे एकदम भारी काम हाय, माय. गालावर हात फिरवला तर लोण्यावानी लागायलंय."

तिने साबणावर अंगठा दाबला. कोरडा ठणठणीत.

डबा जागच्या जागी ठेवून ती स्वयंपाकघरात आली. गॅस पेटवला, मग चहा करायचा नाही हे आठवून बंद केला. घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. शनिवारची सकाळ होती. सोमवारी तिला राजीनामा द्यायचा होता. अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता, आणि तो अर्ज बऱ्याच अंशी त्या लोण्यावर उभा होता.

लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीन तेलाची मिल आहे, तिथली प्रयोगशाळा सुकन्या सांभाळायची. तेलातलं आम्ल, ओल, रंग, रोज तेच. रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं तेव्हा आपण रोज एकाच तेलाचा रंग बघणार आहोत असं तिला वाटलं नव्हतं. साबणाचं सुरू झालं ते नवऱ्यामुळे. अमरेश नांदेडला बँकेत, खोली करून राहायचा, शनिवारी घरी यायचा. दाढी केली की त्याच्या मानेवर पुरळ उठायचं. तिने स्टिअरिक आम्ल, खोबरेल, करडईचं तेल आणि ग्लिसरीन घेऊन एका रविवारी ओट्यावरच साबण शिजवला. पहिला घाण्यात पडलेल्या पेंडीसारखा झाला, दुसरा बरा, आणि पुढे कधीतरी असा जमला की ब्रश टेकताच साय यावी तसा फेस यायला लागला. अमरेशच्या मानेवरचं पुरळ गेलं. त्याने तो नांदेडला आदिनाथला दाखवला. आदिनाथची तिथे पुरुषांच्या दाढीच्या सामानाची दोन दुकानं होती, लाकडी फळ्या आणि पिवळे दिवे लावलेली, आणि आता तो लातूरला तिसरं काढत होता. नव्या दुकानाचं उद्घाटन सुकन्याच्या साबणाने व्हावं असं त्याच्या मनात होतं. त्याने डबा काढला, नाव काढलं, आणि किंमत अशी काढली की सुकन्याने दोनदा विचारून घेतली. बाजारातल्या ट्यूबच्या दसपट.

"एवढे कोण देईल?" ती म्हणाली होती.

"मॅडम, तुम्ही फक्त साबण करा," आदिनाथ म्हणाला होता. "पण पूर्ण वेळ करा. नोकरी सांभाळून डबे पुरायचे नाहीत."

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. दसपट पैसे घेण्याजोगं त्यात काय आहे? माल काय लागतो हे तिला माहीत होतं, त्यावरून किंमत निघत नव्हती. मग गुणावरून तरी निघायला हवी. पण गुण ठरवणार कोण? आदिनाथला साबण विकायचा होता. अमरेशला तिच्याबरोबर संसार करायचा होता. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, दोन्हीतलं काही करायचं नव्हतं, म्हणून तिने आप्पांच्या शब्दावर भिस्त ठेवली. आप्पासाहेब एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते, आणि ड्यूटी सुटली तरी रोजची दाढी सुटली नव्हती. रोज दाढी करणारा माणूस भारी म्हणतो म्हटल्यावर ते भारीच असणार.

एवढंच की आप्पांनी आजवर तिच्या कुठल्याच गोष्टीला नाव ठेवलं नव्हतं. नवी नवरी असताना तिने एकदा बिनमिठाचं वरण वाढलं होतं, तेसुद्धा ते दोनदा मागून जेवले होते. हे तिला आत्ता, पातेलं घासताना आठवलं.

दुपारी आप्पा कलंडले तसं तिने न्हाणीची खिडकी नीट पाहिली. पाणी तापवायच्या रॉडमागे, कपडे धुवायच्या ब्रशखाली, आप्पांची जुनी ट्यूब होती. शेपटीपासून गुंडाळत आणलेली, टोपणापाशी ओली.

अमरेश चारच्या सुमाराला आला. उन्हाने तोंड लाल, हातात नांदेडहून आणलेली कागदपत्रं. "आदिनाथने करार दिलाय," तो म्हणाला. "वाचून ठेव. सोमवारी तो स्वतः येतोय."

"आप्पा तो साबण वापरत नाहीत."

"मग?"

"मग खोटं का सांगतात?"

अमरेशने कूलरसमोर बसकण मारली. "तू पण कमाल करतेस. आप्पांना त्यातलं काय कळतंय? त्यांना ट्यूबची सवय आहे. मी वापरतोय ना नांदेडला रोज. माझ्या शेजारचा कॅशियर मागून नेतो."

"इथे का नाही वापरत?"

"इथे येऊन पुन्हा दाढी कोण करतंय, सुट्टीच्या दिवशी?"

ती कूलरकडे बघत राहिली. वाळ्याच्या जाळीवर पांढरी खपली धरली होती. नवी जाळी बसवून दीड महिनाही झाला नव्हता. तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि निसटलं. ती उठून अंगणात गेली, वाळलेले कपडे काढले, घड्या न घालता पलंगावर टाकले, पुन्हा अंगणात गेली.

"बस की जरा," अमरेश म्हणाला.

"बसवत नाही."

संध्याकाळी आप्पा पारावरून आले तेव्हा तिने सरळच विचारलं. "आप्पा, उद्या दाढी माझ्यासमोर करता का?"

आप्पांनी चप्पल काढता काढता वर पाहिलं. "कशाला?"

"बघायचंय."

"दाढीत काय बघायचं, माय? जिंदगीभर करायलोय."

"माझ्या साबणाने करा."

"त्यानंच तर करायलोय की," आप्पा म्हणाले, आणि लगबगीने देवापुढे दिवा लावायला गेले. तो दिवा सुकन्याने आधीच लावला होता.

रविवारी सकाळी आप्पांनी अंगणात स्टूल मांडलं, न्हाणीच्या खिडकीच्या गजाला बाहेरून आरसा अडकवला, आणि सुनेकडे पाठ करून बसले. आरशातून दोघांची नजरानजर झाली की ते आरसा जरा फिरवायचे. अमरेश दारात चहा घेऊन उभा होता. आप्पांनी ड्रममधलं रॉडने तापवलेलं पाणी मगात घेतलं, ब्रश बुडवला आणि डब्यातल्या फुलावर फिरवला.

फेस आला नाही. ब्रशवर करडी, चिकट राड आली, दुधाला विरजण नीट न लागल्यासारखी. आप्पांनी ती गालाला फासली. गालावर ती टिकेना, हनुवटीवरून घरंगळून बनियनवर पडली. ते ब्रश फिरवत राहिले, जास्तच जोर लावून, जणू मेहनतीत आपलीच कसर राहतेय. मग रेझर लावलं. रेझर ओरखडत खाली आलं. जबड्याखाली रक्ताचा ठिपका उमटला.

"थांबा आप्पा."

"काय न्हाई, हे रोजचंच हाय." त्यांनी ठिपक्यावर तुरटी दाबली. मग आरशातल्या सुनेलाच सांगितल्यासारखं, हळू आवाजात म्हणाले, "दोष साबनाचा न्हाई, माय. पैल्या दिवशीबी असंच झालतं. माझीच दाढी निबर हाय. अमरेशची मऊ, बँकेतली. आमच्यासारख्याच्या तोंडाला महाग वस्तू बसत न्हाई, बघ. तू वाईट वाटून घेऊ नको."

"मग मला भारी का सांगितलंत?"

"तू रातंदिस त्यापायी उभी राहायलीस. ती मेहनत दिसायली की मला. एका म्हाताऱ्याच्या दाढीपायी तुझं मन कशाला मोडू?"

"आप्पा, मी उद्या मिलचा राजीनामा देणार आहे."

आप्पा स्टुलावरच वळले. अर्ध्या तोंडाला राड तशीच.

"तुम्ही भारी म्हणालात म्हणून," सुकन्या म्हणाली. "एवढ्या पैशाला विकायची वस्तू, कुणाच्या तरी खऱ्या तोंडावर चालते का हे मला बघायचं होतं. ते तोंड तुमचं होतं."

आप्पांनी ब्रश मगात टाकला. मग मुलाकडे बघून म्हणाले, "हे तू मला सांगितलं न्हाईस."

"सांगणारच होतो," अमरेश म्हणाला.

"कवा? ती घरी बसल्यावर?"

सुकन्याचं लक्ष त्यांच्या बोलण्यात नव्हतं. ती मगाकडे बघत होती. पाण्यावर तवंग आला होता आणि मगाच्या आतल्या कडेला पांढरट गोल रेघ धरली होती. तिने वाकून रेघेला नख लावलं. चिकट, मेणासारखी. मग शेजारी टांगलेला रॉड पाहिला, त्याच्यावरचा चुन्याचा जाड थर पाहिला, जो ती स्वतः दर महिन्याला लिंबू चोळून काढायची. कूलरची जाळी. नळाच्या तोटीभोवतीची खपली. बोअरच्या पाण्यातला चुना घरभर पसरला होता, तिच्या हातांना तो रोज लागत होता, आणि त्या चुन्याने साबणाचा फेस न होता राडच होते हे तिने नववीच्या पुस्तकात वाचलं होतं, पुढे पोरांना शिकवणीत शिकवलंही होतं.

"काय झालं?" अमरेशने विचारलं.

ती आत गेली आणि जारमधलं पाणी पेल्यात घेऊन आली.

लातुरात घराघरांत दोन पाणी असतात. एक प्यायचं, एक वापरायचं. आप्पांच्या घरात तर दुष्काळात शहराला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यापासून याचा कायदाच झाला होता. जारचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. त्याने कुणी हात धुवायचा नाही. पाहुण्याने अर्धा पेला सोडला तर आप्पा तो उचलून तुळशीला घालत. त्या उन्हाळ्यात नव्या सुनेला टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं होतं, आणि आप्पा ड्यूटीवरून येऊन तिच्या हातातली घागर घेत आणि तिला घरी पाठवत. हा कायदा सुकन्याला पाठ होता, मान्य होता. फक्त साबण शिजवताना तो तिच्या डोक्यातून गेला होता. चाचणी म्हटलं की शुद्ध पाणी, ही प्रयोगशाळेची सवय. ओट्यावर हाताशी जार होता. ती कामाला बसायची तेव्हा आप्पा पारावर गेलेले असायचे. आणि अमरेशच्या नांदेडच्या खोलीत नळाला गोदावरीचं पाणी. साबण जिथे जिथे तपासला गेला तिथे तिथे पाणी गोडं होतं. बोअरच्या पाण्यात तो फक्त एकाच माणसाने वापरला होता, आणि त्या माणसाने दोष स्वतःच्या दाढीला लावून घेतला होता.

तिने ब्रश धुतला, पेल्यात बुडवला, डब्यावर फिरवला आणि स्वतःच्याच मनगटावर घोळवला. फेस चढत गेला. पांढरा, दाट, ब्रश उचलला की टोक धरून उभा राहणारा.

"बघा की आप्पा," अमरेश हसला. "पाणी बदला, झालं काम."

आप्पांनी सुनेच्या मनगटावरच्या फेसाला बोट लावून पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांची नजर पेल्यावर गेली.

"हे प्यायचं हाय ना?"

"हो."

"मग न्हाई," आप्पा म्हणाले. "फेस लई झ्याक हाय, माय. पर प्यायच्या पान्यात दाढी माझ्यानं व्हायची न्हाई." त्यांनी रॉडमागून ट्यूब काढली. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. ड्रमच्या त्याच पाण्यात ब्रश भिजवला, वाटाण्याएवढं क्रीम घेतलं, आणि दुसऱ्या गालावर भसाभस फेस काढला.

दाढी होईपर्यंत सुकन्या ती ट्यूब उलटीपालटी करत राहिली. मागची अक्षरं मुंगीएवढी. तिने चष्मा आणून वाचली. शेवटून दुसरं नाव डायसोडियम ईडीटीए. पाण्यातला चुना बांधून ठेवणारं द्रव्य. या स्वस्त ट्यूबमागे कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी बसलं होतं आणि त्याने बोअरच्या जड पाण्याचा विचार करून ठेवला होता. तिच्या डब्यावर छापलं होतं, 'एकही केमिकल नाही'. हे वाक्य आदिनाथचं. वाचलं तेव्हाच तिला ते खुपलं होतं, कारण साबण हेच मुळात एक केमिकल आहे. तरी ती गप्प बसली होती.

दुपारी तिने आदिनाथला फोन लावला. बोलता बोलता ती स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आणि तिथून परत अशा फेऱ्या घालत होती.

सगळं ऐकून आदिनाथ म्हणाला, "एवढंच ना? डब्यावर छापू. 'फक्त फिल्टरच्या पाण्यात वापरा.' उलट अजून भारी वाटेल."

"लातूरच्या माणसाला सांगायचं, प्यायच्या पाण्यात दाढी कर?"

"ज्याला एवढा साबण परवडतो त्याला पाणी परवडतं, मॅडम."

"मी त्यात थोडं ईडीटीए घालून बघते. बोअरमध्ये चालेल. पण मग ते 'एकही केमिकल नाही' काढावं लागेल."

"मग आपल्यात आणि त्या ट्यूबमध्ये फरक काय राहिला?"

सुकन्या थांबली. हाच प्रश्न ती महिनाभर स्वतःला विचारत होती, फक्त एवढ्या सोप्या शब्दांत नाही. "मानेवर पुरळ येत नाही," ती म्हणाली. "कातडी ओढत नाही. वास चांगला आहे."

"याचे दसपट कोण देतं?"

"तेच मी तुम्हाला विचारलं होतं."

आदिनाथ हसला. त्याला राग आला नव्हता, हेच तिला जास्त टोचलं. "मॅडम, लोक फेसाला पैसे देत नाहीत. डबा बघून देतात. न्हाणीत फळीवर ठेवतात, पाहुण्याला दिसला पाहिजे. तुमच्या सासऱ्यांनी पण एक महिना ठेवलाच की. डबे छापून झालेत. असाच द्यायचा असेल तर उद्या येतो, नाहीतर माझ्याकडे दुसरे लोक आहेत."

"असा नको," सुकन्या म्हणाली.

"नांदेडपुरता तरी?"

तिने क्षणभर विचार केला. नांदेडला तो चालत होता, हे खरंच होतं. पण हदगावचा, देगलूरचा माणूस नांदेडला येऊन डबा घेऊन जाणार, घरी बोअरच्या पाण्यात फासणार, आणि हनुवटीवरून राड घरंगळली की म्हणणार, माझीच दाढी निबर.

"नांदेडलाही नको," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर अमरेश उठला. त्याने कराराचे कागद गोळा करून आपल्या बॅगेत घातले, आणि जरा वेळाने म्हणाला, "विचारायचं तरी मला."

"तुम्ही काय सांगितलं असतं?"

"नांदेडपुरता दे, असं."

"म्हणून नाही विचारलं."

त्याने बॅगेची चेन ओढली. मग कूलरची जाळी काढून अंगणात घेऊन गेला आणि तिच्यावर पाणी मारत बसला. खपली निघत नव्हती.

सोमवारी सुकन्या मिलमध्ये गेली. पर्समधला अर्ज पर्समध्येच राहिला. दिवसभर तिने तेलाचा रंग पाहिला, आम्ल काढलं, आणि मधूनमधून उठून खिडकीपाशी जात राहिली. आपण बरं केलं की घाबरून माघार घेतली, हे तिला ठरवता येईना. संध्याकाळी घरी न जाता ती गंजगोलाईच्या बाजारात गेली आणि रसायनांच्या दुकानातून दोन पुड्या घेऊन आली.

आधी सायट्रेट घालून पाहिलं. लिंबाच्या आम्लाचंच मीठ ते. डब्यावर लिंबाचं चित्र काढता आलं असतं. पण त्यांच्या बोअरपुढे त्याचा टिकाव लागला नाही, फेस यायचा आणि बसायचा. मग ईडीटीए. या खेपेला सगळ्या चाचण्या न्हाणीत, ड्रमच्या पाण्यात, आप्पांच्याच मगात. आप्पा येता-जाता डोकावायचे आणि काही न बोलता जायचे. त्यांना बोलायची भीती बसली होती.

जमला तेव्हा तिने साचा वापरला नाही. फुलाशिवायच साबण वाटीत भरून खिडकीत ठेवला. "आप्पा, ठेवलाय," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी ती कणीक मळत होती. अंगणात स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग मगात ब्रश आपटल्याचा. तिने हात थांबवले नाहीत. कणीक पुरेशी मळून झाली होती, तरी ती मळत राहिली. रेझरचा खर्र खर्र आवाज येत होता, मग तांब्याने तोंड धुतल्याचा. शेवटी आप्पा दारात आले, खांद्यावर पंचा, गाल स्वच्छ. कुठे रक्त नव्हतं.

"खरं सांगू का?" त्यांनी विचारलं.

"सांगा."

"फेस आला. आपल्याच पान्यात आला. गाल ओढंना."

सुकन्या वाट बघत राहिली.

"पर वास लई हाय, माय. गाडीत कुनी अत्तराची बाटली फोडल्यावानी. अन् वाटीत पानी साचून गिचका व्हायलाय, ते ट्यूबचं बरं असतंय." ते अडखळले. तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि धीर करून पुढे गेले. "कितीला इकशील?"

"ट्यूबच्या दुप्पट तरी पडेल."

"दुप्पट." आप्पांनी पंच्याने कान पुसला, विचार केला. "मानंवर पुरळ येतंय त्यानं घ्यावा. अमरेशसारख्यानं. मला इकत घ्यायचा असंल तर मी ट्यूबच घेईन."

एवढं बोलून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिच्या कशाला नाव ठेवल्याची ही पहिली वेळ होती. सुकन्याला हसू आलं, आणि मग थांबेना. पिठाच्या हाताने तिने कपाळावरचे केस मागे सारले.

"वास कमी करते," ती म्हणाली. "गिचक्याचं बघते."

"बघ," आप्पा म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "अन् वरणात आज मीठ घाल जरा. काल कमी पडलं होतं."